चुकीच्या बाजूची बक्कले

मित्रांनो, ज्याच्यावर बोटे आपटून तुम्ही लिहिता तो कळफलक म्हणजे मी. घरात मला सगळे कीबोर्डच म्हणत. आता मी जुना झालो आहे. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे. काही कळांवरची अक्षरे झिजून गेली, आणि एक कळ निखळून कपाटामागे पडली ती कायमची. मराठीत कळ म्हणजे दाबायचे बटण, आणि कळ म्हणजे दुखणेही. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. त्यातली जी माझी नव्हती, पण मी अगदी जवळून पाहिली, ती आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतून माझे अंग घडवले. मग एका बाईने माझ्या कळा एकेक करून जागेवर बसवल्या. प्रत्येक कळ ती अंगठ्याने दाबून पाही, आणि 'टक्' असा आवाज आला की मान हलवी. शेवटी तिने मला खोक्यात असे निजवले, जणू लेक सासरी पाठवते आहे.

पहिली नोकरी मला लांब पल्ल्याच्या बसची तिकिटे देणाऱ्या कचेरीत लागली. तिथले काका फक्त दोन बोटांनी टाइप करत, पण दहा बोटे वापरणाऱ्यांना मागे टाकत. "हा गडी म्हणजे बैल आहे बैल! कितीही राबवा, हूं की चूं करत नाही," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्यावर चहा सांडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या रुमालाने मला पुसले. ते दिवस सुखाचे होते. पुढे कचेरीत नवी यंत्रे आली आणि आम्हा जुन्यांची रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. तिथे धूळ खात पडलो असताना इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक मेकॅनिक आले. साहेब त्यांना म्हणाले, "न्यायचा असेल तर न्या कॉम्प्युटर. नाहीतर भंगारात जाणार आहे."

मेकॅनिकनी आमचे सगळे बिऱ्हाड खांद्यावर घेतले आणि जिन्याने उतरले. लिफ्टचे मेकॅनिक, पण लिफ्ट अजून त्यांनीच उघडून ठेवलेली होती.

असा मी त्या घरी आलो. घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत खिडकीशी आईचे शिलाई मशीन होते. आई मोठमोठ्या घरांचे पडदे शिवून देई, त्यामुळे भिंतीला लागून कापडांचे ढीग असत. बाबांनी, म्हणजे त्या मेकॅनिकनी, मला टेबलावर ठेवले तेव्हा आई म्हणाली, "आता हे आणि कुठे ठेवताय? माझ्या डोक्यावर?" पण तिनेच संध्याकाळपर्यंत उरलेल्या पडद्याच्या कापडाचे मला झाकण शिवले.

घरात दोन मुले होती. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. मुलगा बोलायला लागला तेव्हा बहिणीला ताई म्हणू लागला. त्याचे ऐकून आई तिला ताई म्हणू लागली, मग बाबा, मग शेजारीपाजारी. शेवटी तिला स्वतःच्या नावाने कुणी हाक मारली तर ती वळूनही बघत नसे. मीही तिला ताईच म्हणेन.

मुलाचे नाव बाबांनी ठेवले होते भिंगरी. जन्मापासून त्याची उजवी बाजू कमजोर होती. उजवा हात मुठीत वळलेला असे आणि उजवा पाय टाच टेकवायला कुरकुर करी. तरी घरात सगळ्यात जास्त तोच फिरे. पायाला आधार म्हणून त्याला प्लास्टिकचे एक कवच बांधावे लागे. गुडघ्याखालून पावलापर्यंत ते पायाला धरून ठेवी. त्याला तीन पट्टे होते आणि पट्ट्यांना बक्कले होती. सगळे त्याला कॅलिपर म्हणत.

भिंगरी माझ्यावर लिहीत नसे, तो मला वाजवत असे. डाव्या हाताच्या एका बोटाने 'झ' दाबून धरी आणि पडद्यावर 'झझझझ' अशी रांग धावू लागली की ओरडे, "ताई, बघ, माझी बस सुटली!" मित्रांनो, माझ्यावर हजारो बोटे फिरली. पण त्या बोटाइतके आनंदी बोट मला पुन्हा भेटले नाही.

त्याला एकच गोष्ट आवडत नसे. मोरीत जायचे असो की झोपायचे, कॅलिपर काढायला त्याला कुणाला तरी बोलवावे लागे. "ताईऽ, बक्कल!" ही हाक घरात दिवसभर चाले. एक दिवस ताईच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. हसणे-खिदळणे चालले होते. भिंगरी कोपऱ्यात बसून होता आणि त्याने हाक मारलीच नाही. मैत्रिणी गेल्यावर ताईने पाहिले, तर त्याची चड्डी ओली होती आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"अरे, मला हाक मारायची ना!" ताई म्हणाली.

"त्या सगळ्या बघत होत्या," तो म्हणाला.

ताईने त्याला स्वच्छ केले. मग कॅलिपर मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. उजवा हात तिने मुठीत वळून पाठीमागे धरला आणि फक्त डाव्या हाताने बक्कल उघडायचा प्रयत्न करू लागली. पट्टा बाहेरच्या बाजूला ओढावा लागत होता. डावा हात तिथे वळेचना. तिने दात लावून पाहिले, तेही जमेना.

"आई, हे उजव्या हाताच्या माणसासाठी केलंय!"

आई मशीनवरून म्हणाली, "बनवणाऱ्याला काय माहीत, याचा कुठला हात चालतो?"

"विचारायचं ना मग!"

आईने हातातला पडदा बाजूला ठेवला. "आण इकडे," ती म्हणाली. दोघींनी मिळून पट्टे खाचांतून काढले, उसवले, उलट बाजूने ओवले. बक्कले दुसऱ्या टोकाला शिवताना जाड पट्ट्यात आईची सुई मोडली. तिने दुसरी लावली. तीही वाकली. तिसरीने काम झाले.

भिंगरीने डाव्या हाताने पट्टा ओढला. बक्कल सुटले. त्याने ते पुन्हा लावले, पुन्हा सोडले. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तो दाराशीच उभा होता. "बाबा, आता माझा पाय माझा आहे!" बाबांनी पान्हे-पक्कडीची पिशवी खाली ठेवली आणि लाडक्या लेकाला कडक सलाम ठोकला.

मित्रांनो, ही गोष्ट इथेच संपली असती तर किती बरे झाले असते.

त्या वर्षीच्या थंडीत भिंगरीला खोकला झाला. खोकला छातीत उतरला. एका सकाळी बाबांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले. मी घरातच होतो, झाकणाखाली. त्यामुळे तिकडे काय झाले ते मला तेव्हा कळले नाही. एवढेच कळले की ताई रोज शाळेतून येऊन कुलूप उघडे, डबा भरी आणि दवाखान्यात जाई. मग एक दिवस दुपारी शाळेतून ती आली, आणि डबा भरायच्या आधीच शेजारची काकू धावत आली. तिने नुसते ताईला पोटाशी धरले.

पुढे कितीतरी दिवस माणसे येत, बसत, उसासे टाकत, जात. नंतर तीही थांबली. बाबांनी कॅलिपर एका जुन्या टॉवेलात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवले. ते कामावरून येत, जेवत आणि भिंतीकडे बघत बसत. आईचे मशीन चालू असे, पण पूर्वी ती मशीन चालवताना गुणगुणायची, ते थांबले. आणि घरात आणखी एक गोष्ट झाली. कुणी ठरवून केली नाही, पण झाली. आईने मुलीला ताई म्हणणे सोडले. ज्याची ती ताई होती तोच राहिला नव्हता. आई आता नुसते "अगं" म्हणे. बाबा तेवढेही म्हणत नसत. ते जवळ येऊन उभे राहत आणि ती वर बघेपर्यंत थांबत.

वर्षे गेली. ताईची शाळा संपत आली. तिने मनाशी एक ठरवले होते. हात-पाय कमजोर असलेल्यांसाठी कॅलिपर, कृत्रिम पाय, पट्टे बनवायला शिकवणारे एक कॉलेज दूरच्या शहरात होते. तिला तिथे जायचे होते. जागा थोड्या होत्या आणि नुसत्या गुणांवर प्रवेश मिळत नसे. एका पानात स्वतःविषयी लिहून पाठवावे लागे. तुम्ही कोण, हे शिक्षण तुम्हाला का हवे, हे तुमच्या शब्दांत सांगा. त्याला निवेदन म्हणत. ते पसंत पडले तर मुलाखतीला बोलावणे येई.

ताईने माझे झाकण काढले. पहिल्या दिवशी तिने लिहिले, 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे.' मग पुसले. 'मानवसेवा हीच खरी सेवा होय.' तेही पुसले. दुसऱ्या दिवशी तेच. मित्रांनो, पुसायची कळ दाबणारे बोट फार जड असते. त्या दिवसांत माझी तीच कळ सगळ्यात जास्त झिजली.

ताईच्या शिकवणीच्या वर्गात एक सर होते. असली निवेदने कशी लिहायची हे ते मुलांना दाखवत. माणूस प्रेमळ होता, फक्त घाईत असे. ताईचे पान वाचून ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे गं, पण यात तू कुठे आहेस? हे तर कुणीही लिहील."

ताईने खाली बघत भावाचे सांगितले. सर खुर्चीत सरळ झाले. "अगं, मग हे आधी नाही का सांगायचं? हेच लिही! वाचणाऱ्यांसमोर कागदांचा ढीग असतो. पहिल्याच ओळीत त्यांचं काळीज हललं पाहिजे."

घरी येऊन ताई माझ्यासमोर बसली. बराच वेळ बोटे माझ्यावर नुसती टेकलेली होती. ती गार पडली होती. मग तिने लिहिले, 'माझ्या धाकट्या भावाने माझ्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला.'

मी ते वाक्य अक्षर अक्षर करून पडद्यावर पोहोचवले. माझे कामच ते. पण मला ठाऊक होते, त्या दुपारी ती शाळेतून आली होती आणि मी इथे होतो आणि तीही इथे होती. 'प्राण सोडला' लिहिल्यावर ताई थांबली. तिचे बोट पुसायच्या कळेवर आले. टेकले. आणि उचलले गेले. पुढचे सगळे पान तिने भराभर लिहून काढले. सर म्हणाले, "वा! आता बघ." पान गेले.

बोलावणे आले. आईने ताईला स्वतः शिवलेला नवा कुर्ता घालायला दिला. बाबा बस थांब्यापर्यंत सोडायला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई परत आली ती थेट आत जाऊन बसली. आईने मशीन थांबवले नाही. जरा वेळाने तिने विचारले, "काय विचारलं त्यांनी?"

"एक वयस्कर बाई होत्या," ताई म्हणाली. "चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, भावाचं वाचून फार वाईट वाटलं. मग विचारलं, शेवटी तो काय म्हणाला?"

मशीन थांबले.

"त्यांनी तुला असं का विचारलं?"

ताईने टेबलाकडे, माझ्या झाकणाकडे पाहिले.

"काय लिहिलंस तू?"

"आई, सर म्हणाले—"

"सर काय म्हणाले ते नको. वाचून दाखव मला."

ताई टेबलाशी आली. तिने ते पान उघडले आणि वाचू लागली. पहिली ओळ वाचून झाली, आणि आईने हात वर केला.

"तिथे तू नव्हतीस," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "मी होते. तुझे बाबाही नव्हते. मी एकटी होते त्याच्याजवळ. माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं गं. तेही घेतलंस?"

ताई रडली. आई रडली नाही. तिने पडद्याची घडी घातली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

काही दिवसांनी कॉलेजचे उत्तर आले. निवड झाली नव्हती. तो घाव मोठा होता, पण खरे सांगू का, त्या घरात त्याआधीच मोठा घाव बसून गेला होता. बाबांनी कागद वाचला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." बस, तेवढेच.

ताई घरीच राहिली. आईच्या हाताखाली पडद्यांना दुमड घालू लागली. दोघी दिवसभर एका कापडाच्या दोन टोकांना बसत आणि कामापुरते बोलत. कात्री दे. दोरा संपला. हे टोक धर. मी झाकणाखालून ऐके आणि मनात म्हणे, अगं बोला की काहीतरी, निदान भांडा तरी!

एका दुपारी एका मोठ्या पडद्याला वरची जाड पट्टी शिवायची होती. ताई पट्टी धरून होती. आईची सुई त्या पट्टीत मोडली. आईने मोडकी सुई काढून हातात घेतली, आणि तिच्याकडे बघत ती म्हणाली,

"विचारलं होतं त्याने."

"काय?" ताईने विचारले.

"ताई कुठाय, म्हणाला."

किती वर्षांनी तो शब्द आईच्या तोंडून आला होता. ताईने पट्टी घट्ट धरली.

"मी म्हटलं, शाळेत गेलीय, येईल. ताप डोक्यात गेला होता त्याच्या. म्हणाला, मग आज बक्कल तूच काढ. आवळतंय." आई थांबली. "पायात काही नव्हतंच गं. कॅलिपर घरी होतं."

"पण त्याला येत होतं ना काढायला," ताई म्हणाली. "आपण फिरवली होती ना बक्कलं."

"तापात विसरला असेल."

"मग?"

"मग काय. मी पांघरूण बाजूला केलं आणि काढल्यासारखं केलं. एक बक्कल, दुसरं बक्कल, तिसरं. म्हणाला, आता हलकं वाटतंय. आणि झोपला." आईने सुई डबीत टाकली. "तुला नाही सांगितलं. तुझ्या बाबांनाही नाही. बोलले तर माझ्याजवळचं संपून जाईल असं वाटायचं. संपलं नाही बघ. आहे तेवढंच आहे."

मग आई रडली. त्या दिवशी पडदा तसाच राहिला. तो ज्यांचा होता त्यांनी दोनदा निरोप पाठवला, पण आई म्हणाली, उद्या या.

प्रवेशाचे दिवस पुन्हा आले. ताईने माझे झाकण काढले. आई शेजारीच होती. ताईने विचारले, "आई, तू सांगितलंस ते लिहू का?"

आईने विचार केला. "नको. ते माझं आहे. तू तुझं लिही."

"माझं काय आहे?"

"अगं, असं काय करतेस? एका हाताने उघडत बसली होतीस ना, दुसरा पाठीमागे धरून? मला हसू येत होतं तुझं. दात लावून बघितलंस. ते लिही की."

ताईने आईकडे पाहिले. मग तिची बोटे माझ्यावर आली, आणि या वेळी ती गार नव्हती. तिने लिहिले:

'माझ्या भावाच्या कॅलिपरची बक्कले चुकीच्या बाजूला होती. त्याचा उजवा हात चालत नसे आणि बक्कले फक्त उजव्या हाताने उघडत. कॅलिपर मजबूत होते, मापाला बरोबर होते, महागही होते. फक्त ते बनवताना त्याला कुणी विचारले नव्हते.'

पुढे तिने ओल्या चड्डीचे लिहिले, कारण ते तिने पाहिले होते. पट्टे उलटे कसे ओवले ते लिहिले. सुया मोडल्या ते लिहिले आणि त्या आईच्या होत्या हेही लिहिले. अशा कामाला आणखी काय काय लागते ते आपल्याला माहीत नाही, ते शिकायला यायचे आहे, असे लिहिले. भाऊ गेल्याविषयी एकच ओळ होती. 'माझा भाऊ आता नाही. तो असता तर त्याने तुम्हाला याहून चांगले सांगितले असते.' पुसायची कळ तिने अधूनमधून दाबली, शुद्धलेखनासाठी. एकही वाक्य भीतीने पुसले नाही.

सरांनी ते पान वाचले. "मी सांगितलेलं तू काहीच ऐकलं नाहीस," असे म्हणाले म्हणे. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "बरं केलंस. पाठव."

ताईची निवड झाली. मुलाखतीला त्याच वयस्कर बाई होत्या. त्यांनी ताईला ओळखले की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारले, "बक्कल डाव्या हाताने काढायचं तर पट्टा कुठून ओवायचा?" ताईने त्यांच्या टेबलावरच्या पिशवीचा पट्टा घेऊन करून दाखवले.

ताई गेली. बरोबर न्यायला तिने ट्रंकेतले कॅलिपर मागितले. बाबांनी ते स्वतः काढून दिले, टॉवेलासकट. बाबांनी तिला नवा लॅपटॉपही घेऊन दिला होता, आणि माझी कामे संपली. मला वाईट वाटले, मित्रांनो. पण ज्याचे काम झाले त्याने कपाटाकडे बघावे, हे आम्हा वस्तूंना ठाऊक असते.

मात्र एका सुट्टीच्या दुपारी माझे झाकण पुन्हा निघाले. आई पडदे पोहोचवायला गेली होती. माझ्यावर एक जाड, खरबरीत बोट आले. नखात वंगणाची काळी रेघ होती. बाबा! घरात आणून ठेवल्यापासून त्यांनी कधीही मला हात लावला नव्हता. एकेक अक्षर शोधत, मध्येच थांबत त्यांनी लिहिले, 'त्या दिवशी लिफ्टमध्ये माणसे अडकली होती. एक बाई होती आणि तिचे लेकरू होते. फोन पिशवीत होता. मी त्यांना बाहेर काढले. बाईने माझे हात धरले. मी पोहोचलो तेव्हा'

इथे ते थांबले. खूप वेळ बसून राहिले. मग उठले आणि कामाला गेल्यासारखे बाहेर गेले.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला ते येत. तेवढ्या ओळी वाचत. 'तेव्हा'च्या पुढे बोट नेत आणि मागे घेत. मी सगळ्या कळा तयार ठेवून वाट बघे. पण मित्रांनो, कळफलक कितीही इमानी असला तरी पुढचे अक्षर त्याला स्वतःहून दाबता येत नाही.

सुट्टीत ताई घरी आली. काहीतरी शोधायला म्हणून तिने कॉम्प्युटर सुरू केला आणि त्या ओळी तिला दिसल्या. बाबा दाराशी चपला काढत होते. तिने आणखी एक खुर्ची ओढली, माझ्यासमोर दोन खुर्च्या केल्या आणि एकीवर बसली. बाबांनी पडद्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही सांगा. मी टाइप करते."

बाबा येऊन बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. ताईची बोटे माझ्यावर तयार होती.

"राहू दे," बाबा म्हणाले. "लिहू नकोस. नुसतं ऐक."

ताईने हात मांडीवर घेतले. आणि बाबांनी सांगितले. दवाखान्याचा जिना किती लांब वाटला ते. आई बाहेर बाकावर कशी बसली होती ते. आपण त्याच्या पायांना हात लावला आणि ते अजून गरम होते ते. दुसऱ्याच्या लेकराला त्या दिवशी आपण उचलून घेतले होते, ते सांगताना त्यांना बोलवेना. ताईने त्यांचा वंगणाचा हात हातात घेतला. आई कधी आली आणि मागे उभी राहिली, ते दोघांनाही कळले नाही.

त्या दुपारी माझ्या एकाही कळेला कुणी स्पर्श केला नाही. माझ्या सबंध आयुष्यातले सगळ्यात मोठे निवेदन माझ्यावाचून झाले. आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

पुढे तो कॉम्प्युटर बंद पडला, तो पडलाच. बाबांची अर्धी ओळ त्याच्याबरोबर गेली. मला भंगारात घालायचा आईला धीर झाला नाही. तिने मला जुन्या पडद्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर ठेवले. तिथून मला मशीनचा आवाज येतो. आई अजून गुणगुणत नाही.

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस कुठेतरी जायला निघाल, आणि कुणीतरी तुम्हाला म्हणेल, एका पानात स्वतःविषयी लिहा. तेव्हा माझ्यासारख्या एखाद्या मुक्या जिवावर बोटे टेकवण्याआधी एवढे करा. दुसऱ्याचे अश्रू आपल्या डोळ्यांत घालू नका, ते कितीही चमकले तरी. तुम्ही स्वतः जे पाहिले, हाताने जे केले, तेवढेच लिहा. ते लहान असले तरी चालेल. आणि लिहून झाले की लगेच उठू नका. घरात बघा. कुणाचे तरी वाक्य बरीच वर्षे अर्धे राहिलेले असेल. त्याच्याजवळ एक खुर्ची ओढा, हात मांडीवर घ्या आणि त्याला बोलू द्या.